पोलीस आणि दवाखाना यांची गाठ गावात आधीच कशी घालून ठेवावी

मागच्या महिन्यात बाजूच्या गावच्या पोलीस पाटलाचा रात्री अकरा वाजता फोन आला. ताई, आमच्या इथं एक पोट्टा कुऱ्हाड घेऊन गोठ्यात बसला, कोणाले आत येऊ देत नाही, तुमच्या गावात असंच झालं होतं ना, तुम्ही काय केलं होतं. मी सांगत गेली, तो हाव हाव करत गेला, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सांगितलेल्यातल्या अर्ध्या गोष्टी त्याला त्या घडीला काही कामाच्याच नव्हत्या. त्या दोन महिने आधी करायच्या होत्या, दिवसा, ठाण्यात चहा पिता पिता. म्हणून हे लिहून ठेवते. पोलीस पाटील असो, सरपंच असो, आशाताई, बीट जमादार, नाहीतर ज्याच्या घरात मानसिक आजाराचा पेशंट आहे तो, ज्याला कामी पडेल त्याने घ्यावं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे, नऊ वर्षं झाली. डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. गाव तालुक्यापासून 22 किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा म्हणजे नुसता मुरूम, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की तेवढाही रस्ता नाही.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते. पहिल्या वेळी एक चाळिशीचा माणूस होता, आठ दिवस झोप नाही, एकटाच बोलायचा, मग शेजाऱ्याच्या दारावर दगड मारायला लागला. मी 112 लावला. जीप आली, पोरं चांगली होती, कोणी हात नाही उगारला, बसवून घेऊन गेले. रात्री दीड वाजता एका सरकारी दवाखान्यात पोचले तर तिथं सांगितलं आमच्याकडे मानसिकचा डॉक्टर नाही, पुढे न्या. सुई नाही, चिठ्ठी नाही. पुढच्या दवाखान्यात विचारलं, रेफर चिठ्ठी कुठे आहे? दोन शिपाई पहाटे पाचपर्यंत बाकड्यावर बसून, त्यातल्या एकाला सात वाजता बंदोबस्ताला जायचं होतं, शेवटी तो माणूस थकून झोपला म्हणून त्याला शांत झाला समजले आणि बसस्टँडवर भावाच्या हवाली करून मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी भावांनी त्याला बैलाच्या दाव्याने कडुनिंबाला बांधलं. मी ते सोडायला गेली तेव्हा मनगटाची कातडी निघाली होती.

कोणी फार वाईट वागलं असं नाही त्यात. पोलिसांनी आपलं केलं, दवाखान्याने त्यांच्या मते त्यांचं केलं, मी फोन लावून माझं केलं, आणि माणूस मधल्या मधे पडला. तेव्हापासून मी एवढंच बघते की माणूस एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते त्या वेळी तिथं कोण उभं आहे. गाव ते जीप, जीप ते दवाखाना, दवाखाना ते परत घर. तीन सांधे आहेत. बाकी मोठमोठ्या मीटिंगा, बॅनर, जागतिक मानसिक आरोग्य दिनाची 10 ऑक्टोबरची रॅली, ते सगळं होऊ द्या, वाईट नाही, पण त्याने रात्री दीड वाजता दवाखान्याचं दार उघडत नाही.

ठाण्यातून सुरुवात करा

पोलीस पाटलांची बैठक ठाण्यात होतेच. त्याच दिवशी ठाणेदारसाहेबांना दहा मिनिटं मागून घ्या. जाताना मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 100 छापून न्या, मराठीत असेल तर बरंच, आणि त्यातल्या चार ओळींवर पेनाने खूण करा. कारण जुन्या जमादारांच्या डोक्यात अजून 1987 चा कायदा बसला आहे, त्यात माणसाला आधी मॅजिस्ट्रेटसमोर न्या, ऑर्डर घ्या, मग दवाखाना असं होतं. नवीन कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्यात तसं नाही. मानसिक आजारामुळे कोणी रस्त्यावर भटकून राहिला, स्वतःचं पाहू शकत नाही, किंवा स्वतःला नाहीतर दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं तर ठाणे प्रभारीने त्याला संरक्षणात घ्यायचं, काहून घेतलं ते त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचं, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत. कोर्टाची ऑर्डर लागत नाही. आणि लॉकअप तर अजिबात नाही, एक रात्र बसू द्या, सकाळी पाहू, हे कायद्याने बंदच आहे.

स्टेशन डायरीत शब्दही नीट पडला पाहिजे. 'ताब्यात घेतले' नाही, 'संरक्षणात घेतले'. आमचे मुन्शी आधी हसले, काय फरक पडते म्हणे. फरक हा पडते की उद्या त्या पोराला पोलीस व्हेरिफिकेशन लागलं, कंपनीत नाहीतर पासपोर्टला, तर कोणीतरी ती डायरी उघडणार आहे.

आता ठाणेदाराची बाजूही ऐका, कारण तिथंच खरी मेख आहे. त्यांना माणुसकी नाही असं नसते, त्यांच्याकडे माणूस नसते. रात्री ठाण्यात मोजकी पोरं, एक गाडी, हद्दीत ढीगभर गावं. दोन शिपाई दवाखान्यात आठ तास बसले की हायवेवर ॲक्सिडेंट झाला तर पाठवायचं कोणाला. म्हणून कायदा दाखवून त्यांच्यावर जोर नका करू, त्यांना सांगा की साहेब, तुमची पोरं दवाखान्यात अर्ध्या तासाच्या वर बसणार नाहीत असं मी डॉक्टरांकडून कबूल करून आणते. हे ऐकल्यावर आमच्या साहेबांनी चहा मागवला, त्याआधी नुसतं घड्याळ बघून राहिले होते.

ही युक्ती काही माझी नाही. अमेरिकेत मेम्फिस म्हणून शहर आहे, तिथं 1987 मध्ये पोलिसांच्या गोळीने एक मानसिक आजारी तरुण गेला आणि लोक खवळले, मग 1988 मध्ये पोलीस, डॉक्टर आणि पेशंटच्या घरच्यांनी मिळून एक पद्धत बसवली. त्यात पोलिसांचं 40 तासांचं ट्रेनिंग आहे ते सगळे सांगतात, पण दुसरा अर्धा भाग फारसं कोणी सांगत नाही. दवाखान्याचं एक दार ठरलेलं असते, ते दार पोलिसांनी आणलेल्या पेशंटला परत पाठवत नाही आणि पोलिसांना लवकर मोकळं करते. आपल्याकडे 40 तासांचं ट्रेनिंग येईल तेव्हा येईल. मागायला हरकत नाही, याच कायद्याच्या कलम 30 मध्ये पोलिसांना वेळोवेळी असं प्रशिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, तसं पत्र ठाण्यामार्फत वर पाठवा. पण एक दार ठरवणं हे तालुक्यातल्या तालुक्यात जमते.

दवाखान्यात कोणाला भेटायचं

ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. त्यांना भेटायला एकटं नका जाऊ, बीट जमादाराला सोबत न्या, वर्दीत. तिथं मानसोपचारतज्ज्ञ नसतात हे मान्यच करून बोलायचं. आपण मागायच्या तीनच गोष्टी. रात्री ड्युटीवरचा डॉक्टर पेशंटला उतरवून घेईल, तपासून पाहील, आणि पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठी लिहून 108 बोलावून देईल. बस. कायद्याचं कलम 94 इथं कामी येते, त्यात इमर्जन्सी असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार सुरू करू शकते, घरचा माणूस हजर असेल तर त्याची संमती घेऊन, आणि पुढच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं कामही त्यातच येते. म्हणजे 'आमच्याकडे तो डॉक्टर नाही' हे उत्तर पुरत नाही. पण हे भांडायच्या सुरात नाही बोलायचं, एमबीबीएस झालेलं पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोरगं असते बिचारं ड्युटीवर, त्यालाही भीती वाटते. त्याला रात्री फोनवर विचारायला जिल्ह्याचा एक माणूस मिळवून द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम सामान्य रुग्णालयात बसते, डॉक्टर, सोशल वर्कर, नर्स असे, आणि तालुक्याला त्यांचे ठरलेले वार असतात. त्या वारी जाऊन सोशल वर्करला गाठा. माझा अनुभव असा की या सगळ्या साखळीत सगळ्यात कामाचा माणूस तोच असते, डॉक्टरपेक्षाही.

पुढे कुठं पाठवायचं हेही त्याच दिवशी विचारून ठेवा. आमच्या भागात सेवाग्राम आहे, सावंगी आहे, दोन्ही मेडिकल कॉलेज. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियावाल्यांना आपापलं सरकारी मेडिकल आहे. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय शेवटी येते, पण गावात कोणीही पहिलं तेच म्हणते, पागलखाना चौकात नेऊन टाका याले. राज्यात अशी जुनी मोठी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर, आणि दहातल्या नऊ पेशंटला तिथं न्यायची गरजच नसते असं आमचा सोशल वर्कर म्हणतो.

आता घरी बसून एक कागद करा. अर्ध्या पानाचा. ठाण्याचा लँडलाइन, बीट जमादार, ग्रामीण रुग्णालयाचा रात्रीचा फोन, सोशल वर्कर, आशाताई, गावात रात्री गाडी काढणारे दोन जण. मोबाइलमध्ये सेव्ह आहे ना, असं म्हणू नका, मोबाइल चार्ज नसते, माझा नव्हता. हा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आशाताईच्या डायरीत आणि माझ्या दाराच्या मागे चिकटवला आहे. त्यावर 112, 108 आणि टेली मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416. टेली मानस 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पण त्यांच्याकडून गाडी येत नाही हे घरच्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर लोक फोन लावून वाट पाहत बसतात. कोणी घाबरलेलं आहे, रडून राहिलं आहे, जगावंसं वाटत नाही म्हणते पण बसून बोलते आहे, तर 14416. हातात कुऱ्हाड आहे किंवा विष पोटात गेलं, तर तिथं 112 आणि 108.

घरचा कागद

हा वेगळा आणि हा घरच्यांच्या मर्जीने, आणि पेशंट बरा असताना त्याला विचारून. पेशंटने कोणाला आपला प्रतिनिधी म्हणून नेमलं असेल तर त्याचं नाव त्यात पाहिजेच, कायद्याने त्या माणसाला मान आहे. एका घरी आम्ही लिहिलेला कागद असा आहे, नाव काढून टाकलं.

"वय 24. रात्री एक गोळी, पाकीट फ्रीजवरच्या डब्यात. फाइल लाल पिशवीत, दवाखाना सेवाग्राम. मामाचं ऐकतो, आशाताईचं ऐकतो. बापाने समोर येऊ नये. शिट्टी, कुत्रं आणि कोणी मोबाइल रोखला की भडकतो. बिघडायच्या आधी दोन रात्री झोपत नाही, मग दारातल्या चपला मोजतो."

शेवटची ओळ त्याच्या आईने सांगितली, आणि तीच सगळ्यात महागाची आहे. चपला मोजायला लागला की आई आशाताईला सांगते, आशाताई सोशल वर्करला, आणि जीप लागतच नाही. असा कागद गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, पोलीस पाटलांच्या ग्रुपवरही नाही. आमच्या इथं एकाने हौसेने टाकला होता आणि त्या घरच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं, ते घर आजही माझ्याशी बोलत नाही.

आशाताई या कामात सुरुवातीपासून पाहिजे, नंतर आठवण आली म्हणून नाही. 2015 पासून विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकरी आत्महत्येच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात घरोघरी जाऊन असे लोक ओळखायचं काम आशाच करून राहिल्या आहेत. आणि गावचा माणूस हे करू शकते का अशी कोणाला शंका असेल तर अमरावती जिल्ह्यात 30 गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, गावपातळीवरचे कार्यकर्तेच नैराश्याच्या पेशंटपर्यंत जात होते, आणि उपचारापर्यंत पोचणारे शंभरात चार होते ते दीड वर्षात सत्तावीसवर गेले. मोठ्या डॉक्टरी मासिकात छापून आलं ते 2017 मध्ये. मी हे वैद्यकीय अधीक्षकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले.

प्रत्यक्ष त्या वेळी

आता आमच्या गावातली ती गोठ्याची गोष्ट. पोरगा बुटीबोरीला कंपनीत होता, घरी परत आला, टॉवरवाले माझं बोलणं ऐकतात म्हणायचा. रात्री नऊला बापावर धावला आणि कुऱ्हाड घेऊन गोठ्यात शिरला. मी जमादाराला फोन केला आणि एकच मागणं केलं, जीप मारुतीच्या देवळाजवळ उभी करा, लाइट बंद, सायरन तर नकोच. ते आले. टोपी काढून मागे दिली, काठी होमगार्डजवळ दिली. मी तोवर लोकांना हटवत होती, निम्मं गाव जमा, पोट्टे मोबाइल काढून उभे. हे काम पोलीस पाटलाचं आणि सरपंचाचं आहे, पोलिसांनी ते करत बसू नये, त्यांचं लक्ष आत पाहिजे. गावातल्या दोन दमदार बायांना सांगा, त्या पाच मिनिटांत गल्ली साफ करतात.

जमादार गोठ्याच्या दारापासून तीन-चार हात लांब, उलट्या घमेल्यावर बसले. दार अडवलं नाही, थोडं बाजूला बसले. बऱ्याच वेळ काहीच बोलले नाहीत. मग खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली आणि घोटायला लागले. (तंबाखूमुक्तीवाल्यांनी माफ करावं, आमची आशाताई आजही या गोष्टीवर नाक मुरडते.)

"घेतो का?"

"माझ्या खर्ऱ्यात औषध टाकते हे लोक."

"मंग हा माह्या हाय. मी खातो आधी."

आधी स्वतः तोंडात टाकला, मग पन्नीला रबर लावून मधोमध जमिनीवर ठेवली. टॉवरवाले नाहीत, तुला भास होते, असलं काही म्हटलं नाही, आणि हो हो ऐकतात ते, असंही नाही म्हटलं. एवढंच म्हणाले, किती दिस झाले झोपला नाही? आठ, तो म्हणाला. बाप्पा, आठ दिवसात तर बैल पडते. वीस मिनिटं गेली असतील. पोरगा बाहेर आला, डाव्या हातात कुऱ्हाड, उजव्या हाताने पन्नी उचलली, पण रबर काढायला दोन हात लागतात. कुऱ्हाड खाली ठेवली. त्याच्या काकाने झडप घालायला पाय उचलला, मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला, बटणं तुटली. जमादार जागचे हलले नाहीत. खर्रा त्याच्या तोंडात गेल्यावर म्हणाले, चाल, डॉक्टरले झोपेचं विचारू, मी बसतो संग. सुई देतील का? देतीनही, तू विचार त्याहिले, गोळी चालते का म्हणून. तो उठला. आशाताईने कुऱ्हाडीवर बारदाना टाकला आणि आम्ही चालत देवळापर्यंत गेलो.

नेहमी असं होत नाही हे मला माहीत आहे. कधी चार जणांना धरावंच लागते. पण धरायचंच असेल तर चार जणांनी आधी बोलून, एकदम, आणि पालथं टाकून पाठीवर गुडघा कधीच नाही, श्वास कोंडून माणूस जातो. दाव्याने, साखळीने बांधणं नाही, कायद्याच्या कलम 95 ने साखळी कोणत्याही प्रकारे बंद आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला मानसिक पेशंट ठेवायच्या जागी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली 25 हून जास्त माणसं जागच्या जागी जळाली, बांधायचा हट्ट धरणाऱ्या घरच्यांना मी हे सांगते. खोटं बोलून गाडीत बसवू नका, मामाच्या गावाला चाललो म्हणून नेलं तर पुढच्या वेळी तो मामाच्या हातचं पाणीही पिणार नाही. पेशंट बाई असेल तर महिला शिपाई येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा, आशाताई किंवा घरची बाई जीपमध्ये शेवटपर्यंत सोबत पाहिजे. आणि शूटिंग कोणी केलंच तर जमादारासमोर डिलीट करायला लावा.

वेड नाही, दुसरंच काही

ज्याला कालपर्यंत काहीच नव्हतं आणि आज अचानक बरळून राहिला, त्याला थेट मानसिकच्या लाइनीत टाकू नका. आधी पीएचसी. ताप आहे का बघा, गडचिरोली-गोंदियाकडे मेंदूचा मलेरिया असाच दिसते. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलेला माणूस असाच वागते. मे महिन्यात 45-46 डिग्रीत शेतातून आलेला, अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, तो ऊन लागलेला आहे, त्याला ओल्या कपड्यात गुंडाळत गुंडाळत दवाखान्यात न्या. मानसिकच्या काही गोळ्यांनी घाम कमी येते, त्यामुळे जुन्या पेशंटलाही उन्हाळ्यात जपावं लागते.

आणि दारू. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, त्यावर मी काही बोलत नाही, तुम्ही समजदार आहात. पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, धाड पडली म्हणून असो की घरच्यांनी कोंडलं म्हणून असो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटते, भिंतीवर किडे दिसतात, झटके येतात. गावात म्हणतात बाहेरचं लागलं, आणि झाडफूकवाल्याकडे नेतात. हा माणूस उपचाराविना मरू शकते. त्याला त्याच रात्री भरती लागते. झाडफूकवाला मारहाण करत असेल, मिरचीची धुरी देत असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ठाणेदाराच्या हातात आहे, बिनधास्त सांगा. नुसता अंगारा लावून राहिला असेल तर भांडू नका, अंगारा लावा आणि गाडीत बसा, असं मी म्हणते, जमते.

फवारणीचं औषध पिलं असेल तर

आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच. आणि इथं पोलिसांच्या भीतीने जीव जातात. केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात सांगतात की जेवणातून काहीतरी गेलं, नाहीतर फवारताना चक्कर आली, आणि डॉक्टर अंधारात चाचपडते. गावात दवंडी द्यावी इतक्या जोरात सांगा की मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस भयंकर ताणाखाली होता असंच कायदा धरून चालते आणि त्याच्यावर खटला चालवत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलंच नाही. सरकारी अधिकाऱ्याला नमवायला टाकीवर चढून जीव द्यायची धमकी, त्याचं 226 कलम वेगळं आहे, ते या घरांना लागत नाही. दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, पोलीस जबाब घ्यायला येतात, ते व्हायचंच, त्याला घाबरायचं नाही. जमादारांनीच हे ग्रामसभेत वर्दीत सांगितलं तर लोक मानतात, मी सांगून नाही मानले.

बाकी करायचं एवढंच, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कुशीवर निजवा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, आणि बाटली सोबत न्या, रिकामी असली तरी, लेबल फाटलं असलं तरी. तणनाशक पिलेला माणूस पहिल्या दिवशी चांगला बोलते, चहा पिते, काही नाही झालं म्हणून घरी आणतात. पॅराक्वाट असेल तर पुढच्या दिवसांत फुप्फुसं निकामी होतात. बरा दिसते म्हणून भरती टाळू नका. आणि जीव वाचला की सुट्टीच्या आधी सोशल वर्करला फोन, कारण तो त्याच घरात, त्याच कर्जाकडे परत येऊन राहिला आहे. फवारणीचं औषध काही महिने दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा.

रस्त्यावर सापडलेला माणूस

वर्ध्याला मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही लाइनी भेटतात, त्यामुळे कुठला कुठला माणूस स्टेशनवर उतरते आणि चालत चालत गावाकडे येते. लोक भाकर देतात, पोट्टे दगड मारतात, आणि पोलीस कधी कधी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत सोडून येतात. ते चालत नाही. कलम 100 मध्येच आहे, बेवारस असेल तर मिसिंगची नोंद करायची आणि घरचे शोधायची जबाबदारी ठाणेदाराची. भाषा कळली की अर्धं काम होते. आम्ही एका माणसाला हैदराबाद हायवेच्या ढाब्यावर नेलं, चार ट्रक ड्रायव्हर बोलून पाहिले, पाचवा तेलुगूवाला होता आणि त्याला गावाचं नाव सांगितलं. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन हेच काम करते, डॉ. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे मिळालं ते याच कामाला, आपल्या जिल्ह्याच्या सोशल वर्करला अशा संस्था माहीत असतात. घरात कोंडून ठेवलेला, उपाशी ठेवलेला पेशंट असेल तर ते कलम 101, कोणीही ठाण्यात कळवू शकते, ठाणेदाराने मॅजिस्ट्रेटला कळवायचं. पण मी आधी त्या घरी दोनदा जाऊन बसते. बहुतेक ठिकाणी म्हातारी माय एकटी असते आणि तिला दुसरा मार्गच माहीत नसते.

परत आल्यावर

दवाखान्यातून माणूस आला की पहिल्या आठवड्यात आशाताई, महिन्याभरात बीट जमादार. जमादारांनी मोटरसायकलवर, साध्या कपड्यात, जाता जाता थांबल्यासारखं. जीप दारात उभी केली की शेजारी पुन्हा मोजायला लागतात. गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, संपायच्या आधी तालुक्याचा कोणता वार येते, तिकिटाचे पैसे आहेत का, एवढंच बघायचं. गोळी संपली आणि त्या दिवशी बस नव्हती, यातून पुन्हा बिघडलेले मी जास्त पाहिले, गोळी फेकून देणारे कमी. गावच्या आरोग्य समितीचा थोडा अबंधित निधी असते, गाडीभाड्याला त्यातून काही देता येते का ते ग्रामसेवक आणि आशाताईशी आधीच बोलून ठेवा.

गोठ्यातला पोरगा आता बुटीबोरीला नाही, गावातच मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं आहे, उधारी वसूल करायला तो माझ्याच दारात बसते. खर्रा सोडला नाही.

जूनमध्ये बदल्या होतात. मागच्या वर्षी ठाणेदार गेले, ते जमादारही गेले, ग्रामीण रुग्णालयात नवीन डॉक्टर आले. मी कलम 100 चा कागद पुन्हा छापला, पेनाने पुन्हा चार खुणा केल्या आणि बैठकीच्या दिवशी नवीन साहेबांकडे दहा मिनिटं मागितली. त्यांनीही आधी घड्याळच पाहिलं.